कोलम नसलेलं दार
पक्षाघातानंतर अम्माच्या उजव्या हाताला स्पर्शच कळेना. चिमटीतलं तांदळाचं पीठ संपलं तरी तिचा रिकामा हात दारापुढे कोलमची रांगोळी काढत फिरायचा. शेवटी तिने ते सोडलंच. जाणीव परतावी म्हणून मी मनगटाला यंत्राच्या पट्ट्या चिकटवून रोज दोन तास हलकी वीज सोडायचो. फरक शून्य. आज शेजारच्या कामाक्षीमामी दोन महिन्यांनी मुलीकडून परतल्या आणि रडतच आल्या. कुंभकोणमला दारात कोलम नसणं म्हणजे घरात सुतक. “कोण गेलं गं?” “घरात दोघंच. हा तर समोर उभाय. म्हणजे मीच,” अम्मा म्हणाली. “मग मी आता घरी जाऊन आंघोळ करू की नको?” मामींनी विचारलं. अम्मा उंबऱ्यावर बसली. मी धरलेल्या डब्यातून पिठाची चिमूट उचलली. ठिपके पडत गेले, वाकडेतिकडे. मग हात थांबला. “नको करूस,” हाताकडे न पाहता, मामींकडेच बघत ती म्हणाली. “पीठ संपलं. डबा दे.”