डोळे मिटा

"आता डोळे मिटा, आणि श्वास आत येतो कसा, बाहेर जातो कसा, तेवढंच बघा," असं बाई म्हणाल्या मात्र, तिसऱ्या रांगेतून घोरण्याचा आवाज आला.

"घ्या! याचा ताण गेला," मागून कुणीतरी म्हणालं आणि खसखस पिकली.

बसडेपोतल्या ड्रायव्हर-कंडक्टरांसाठी 'कामावरचा ताण' या विषयावर व्याख्यान होतं. त्यासाठी विश्रांतीच्या खोलीतल्या खाटा भिंतीला उभ्या करून खुर्च्या मांडल्या होत्या.

मागची दोन व्याख्यानं पडली होती. हेही पडलं, तर त्यांची संस्था त्यांना पुन्हा कुठे पाठवणार नव्हती. पडद्यावर दाखवायची चित्रं तर सगळीच बाकी होती. आवाज चढवून त्या "डोळे उघडा" म्हणणार, तोच पहिल्या रांगेतल्या मिशीवाल्या ड्रायव्हरने हात पुढे केला. तळवा खाली, हळूहळू दाबत. समोरून येणाऱ्या गाडीला 'जरा दमानं' म्हणून सांगतात तसा.

मग ते उठून जवळ आले आणि कुजबुजले, "मॅडम, रागावू नका. त्याची बायको दवाखान्यात आहे. रात्रभर तिच्या उशाशी बसतो आणि सकाळी इथे येतो. आता बाराला डोंगरातली गाडी न्यायचीय."

"अशा अवस्थेत?"

"आम्ही सांगून थकलो. जरा पड म्हटलं तर म्हणतो, डोळाच लागत नाही." त्यांनी मागे वळून पाहिलं. "तुमच्या बोलण्यानं लागला बघा."

ही स्तुती की टोमणा, बाईंना कळेना. त्यांनी झोपलेल्याकडे पाहिलं. मान मागे टाकलेली, तोंड उघडं, एका पायातली चप्पल निसटून पुढच्या खुर्चीखाली गेलेली. बाईंनी ताणावरची पुस्तकं ढिगाने वाचली होती. बोलणाऱ्याने गप्प कधी बसावं, हे त्यांतल्या एकातही नव्हतं.

त्यांनी लॅपटॉप आवाज न करता मिटला आणि त्या खुर्चीत बसून राहिल्या.

कुणीच उठलं नाही. एकाचा फोन थरथरला, तर साऱ्या खोलीने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो बिचारा फोनवरच बसला. एका कंडक्टरबाईंना ठसका लागला. पदर तोंडात कोंबून त्या बाहेर पळाल्या.

तेवढ्यात दार धाडकन उघडून डेपो मॅनेजर आले. "काय मॅडम, झालं का—"

खोलीभर तळवे खाली दबले.

मॅनेजर जागच्या जागी थबकले. मग त्यांना तो दिसला. "हा झोपायला आलाय?"

मिशीवाल्यांनी त्यांच्या कानाशी लागून सगळं सांगितलं.

"मला का नाही कळवलं?"

"तुम्ही गाडी काढून घेतली असती, साहेब."

"घेतलीच असती!" त्यांचा आवाज चढला, आणि पुन्हा तळवे खाली गेले. "घेतलीच असती," साहेब दबक्या आवाजात म्हणाले. "चाळीस माणसं बसतात मागे. आता बाराची गाडी कुणी न्यायची? मी?"

"नको!" दोघे-तिघे एकदम कुजबुजले.

दाराजवळचा एक तरुण ड्रायव्हर पुढे झाला. "बाराची मी नेतो. माझी तीनची त्याला द्या. गावातल्या गावात आहे, तोवर झोपही होईल."

"आणि उद्या?"

"उद्या मी नेतो," मिशीवाले म्हणाले.

"परवा माझं नाव घाला, साहेब."

"अरे, इथे काय लिलाव चाललाय?" मॅनेजरनी कपाळ चोळलं. घड्याळाकडे पाहिलं. व्याख्यानाची वेळ केव्हाच संपली होती. "तुमचं अजून किती चालणार, मॅडम?"

बाईंनी मिटलेल्या लॅपटॉपवर हात ठेवला. "बरंच सांगायचं राहिलंय."

साहेबांनी झोपलेल्याकडे पाहिलं. "मग सांगा. सावकाश सांगा," असं म्हणून ते बाहेर गेले, आणि जाताना त्यांनी दार असं ओढून घेतलं, की कडीसुद्धा वाजली नाही.

तो जागा झाला तेव्हा खुर्च्या रिकाम्या होत्या. बाई पुस्तक वाचत बसल्या होत्या. तो ताडकन उभा राहिला. "बारा वाजले?"

"केव्हाच. तुमची गाडी तीनची आहे. बाराची तुमचे मित्र घेऊन गेले."

"आणि साहेब?"

"साहेबांना माहीत आहे."

तो मटकन खाली बसला. पुढच्या खुर्चीखालची चप्पल ओढून त्याने तिच्यात पाय सरकवला.

"बायको रोज एकच विचारते," तो म्हणाला. "झोपलात का? रोज हो म्हणतो." त्याने तळहाताने डोळे पुसले. "आज खरं सांगता येईल."

"चित्रं दाखवायची राहिली," बाई म्हणाल्या.

"मग परत यावं लागेल तुम्हाला. मी सांगतो साहेबांना," असं म्हणून तो तोंड धुवायला गेला.

तीन वाजता बाई डेपोच्या फाटकातून बाहेर पडून पदपथावरून चालू लागल्या. मागून तीनची बस आली. रस्ता पुढपर्यंत मोकळा होता, आडवं कुणीच नव्हतं. तरीही त्यांच्याजवळून जाताना ड्रायव्हरने एकदाच, अगदी हलका हॉर्न दिला. वाट करून देणाऱ्याला आभाराचा देतात, तसा.