पाचवं पिल्लू

"आधी वात पिळून घ्या, न्हाय तर ठसका लागंल त्याला," बानाबाई दारातून म्हणाली आणि डब्याची पिशवी घेऊन बस गाठायला निघाली.

मल्हाररावांनी कापसाची वात शेळीच्या दुधात बुडवली, पिळली आणि पिल्लाच्या ओठांशी धरली. पिल्लू म्हणजे तरी काय, मूठभर जीव. डोळे मिटलेले, पोट पाठीला टेकलेलं. हर्सूल तलावापलीकडं त्यांचा भाचा खंडेराव राहायचा. त्याच्या कुत्रीला पाच पिल्लं झाली. तिनं चार पोटाशी घेतली आणि हे पाचवं बाजूला ढकललं. मेंढरांच्या वाड्यावर अशा पिल्लामागं कुणी वेळ घालवत नाही. मल्हाररावांनीही उभ्या जन्मात घालवला नव्हता.

पण नेमकी त्याच दिवशी दिपाली, त्यांची एकुलती एक लेक, सातव्या महिन्यात बाळंत झाली. मुलगा झाला, जेमतेम सव्वा किलोचा. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. तिथं बायकांखेरीज कुणाला आत सोडत नव्हते. मल्हारराव दोन तास जिन्यात बसून परतले आणि वाटेत खंडेरावकडून हे पाचवं उचलून घरी आले.

"हे कामून आणलं? मरायला टेकलंय ते," बानाबाई म्हणाली होती.

मल्हाररावांनी देव्हाऱ्यातल्या खंडोबाकडं पाहिलं. "हे जगलं तर दिपालीचंबी जगंल."

बोलून तर बसले, आता शब्द माघारी कसा घ्यायचा? तेव्हापासून म्हातारा घोंगडीच्या घडीत पिल्लू ठेवून, वर जुना पिवळा बल्ब लावून, दर दोन तासांनी वात भिजवत बसला. मेंढरं विकून चार शेळ्यांवर आलेल्या माणसाला दुसरं काम तरी काय होतं? बानाबाई सकाळी डबा घेऊन जाई, संध्याकाळी परत येई. आल्या आल्या दोघं एकमेकांना विचारत, किती घेतलं? बाळाला नळीनं दूध देत होते, त्याचा आकडा ती सांगे. मल्हारराव पिल्लानं किती वाती घेतल्या ते सांगत.

मंगळवारी दुपारी पिल्लानं वात ओठांतून सोडून दिली. मल्हाररावांनी ते तळहातावर चोळलं, छातीशी धरलं, नाकात हलकी फुंकर घातली. जरा वेळ पोट हललं आणि थांबलं. आजवर त्यांनी कितीतरी कोकरं पुरली होती, पण डोळ्यांत कधी टिपूस आलं नव्हतं. त्या दिवशी लिंबाखाली खड्डा बुजवताना मात्र ते हमसून हमसून रडले. घरात कुणी नाही, हे त्यातल्या त्यात बरं, असं त्यांना वाटलं.

मग तोंड धुऊन ते तडक खंडेरावकडं गेले आणि आणखी एक पिल्लू मागितलं.

"एवढ्यात आईपासून तोडू नका, मामा," खंडेराव म्हणाला. "अन् ते पाचवं?"

"हाय की. एकटं पडतंय, जोडीला पायजे."

खोटं बोलायची सवय नसल्यानं मल्हाररावांचे कान तापले. उरलेल्या चौघांतलं त्यातल्या त्यात बारकं, तसंच तांबूस पिल्लू त्यांनी निवडलं आणि उपरण्यात गुंडाळून आणलं.

बानाबाई त्या दिवशी जरा उशिरा आली. आल्याबरोबर तिनं डोक्यावरून पाणी घेतलं. दवाखान्याचा वास अंगाचा जात नाही, म्हणाली. देवापुढं दिवा लावायचंही तिनं मल्हाररावांवरच सोपवलं. मग घोंगडीपाशी बसून तिनं पिल्लू उचललं. मल्हाररावांचा जीव टांगणीला लागला.

"भरलंय की," ती म्हणाली.

"व्हय. दूध लागू पडलं. बाळ कसं हाय?"

"हाय. निजलंय."

पुढचे दिवस सगळं सुरळीत चाललं. पिल्लू वात ओढून ओढून प्यायला लागलं. बानाबाईही चांगल्याच बातम्या आणत होती. बाळाची नळी काढली. बाळानं डोळे उघडले. दिपाली बरी आहे, फोन तेवढा आत नेऊ देत नाहीत. जावई दवाखान्यासाठी कागद आणायला आपल्या गावी, सोयगावला जाऊन आला. मल्हारराव ऐकून हरखत आणि लगेच आतून खचत. बायकोला फसवलं तर ती फार तर चार शिव्या देईल. पण शब्द दिला होता खंडोबासमोर. देवाला बनवलं आणि त्याची शिक्षा पेटीतल्या लेकराला झाली तर? त्यांना घास गोड लागेना.

रविवारी दवाखान्यात दिपालीजवळ तिची सासू होती, म्हणून बानाबाई घरी थांबली. पिल्लू मांडीवर घेऊन ती वात पाजत होती, इतक्या मायेनं की मल्हाररावांना बघवेना.

"बाना, तुला एक सांगायचंय."

तिनं मान वर केली नाही.

"हे ते पिल्लू नव्हं. ते मंगळवारीच गेलं. त्याच्या जागी मी हे दुसरं आणलं. तुला घोर नको म्हणून लपवलं, पण आता लई भ्या वाटतंय. माझ्या खोट्यापायी आपल्या बाळाला काय व्हायला नको. तू मला माफ कर, देवाची माफी मी मागतो."

बानाबाईनं वात वाटीत ठेवली. पिल्लाच्या तोंडाचं दूध पदरानं पुसलं.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "तुम्ही खड्डा बुजवत होता, तवा मी फाटकात उभी होते."

"भरदुपारी? मग हाक कामून मारली नाय?"

"मारणार होते. तुमचं रडणं बघितलं अन् पाय माघारी वळले." पिल्लाच्या पाठीवरचा तिचा हात तसाच होता. "बाळ सकाळीच गेलं होतं. तेच सांगायला आले होते."