एकविसावा मोदक

"ना ताप, ना सूज, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, आणि म्हणे सगळं अंग ठणकतं!" गणपतीच्या दिवशी सकाळीच विमलाबाईंनी शेजारच्या हंसाबेनपुढे सुनेचं गाऱ्हाणं मांडलं. "दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसायचं, घरात मिक्सर, खाली उतरायला लिफ्ट. कष्टाची सवयच नाही हो शरीराला."

"दिखती तो एकदम अच्छी है," हंसाबेन म्हणाल्या.

आत सुरुची नैवेद्याचे एकवीस मोदक वळत होती. विमलाबाई मूळच्या रत्नागिरीच्या. कळ्या मोजल्याशिवाय एकही मोदक त्या उकडायला ठेवत नसत. हात धुऊन त्या ओट्यापाशी आल्या. केळीच्या पानावर मोदक वळले तसे ओळीने मांडलेले होते.

पहिल्याला पंधरा कळ्या, विमलाबाईंनाही जमल्या नसत्या इतक्या नाजूक. पाचव्याला तेरा निघाल्या, दहाव्याला नऊ. पुढे त्या जाड होत गेल्या, कमी होत गेल्या. एकविसाव्याला जेमतेम तीन होत्या आणि त्यांच्यावर बोटांचे खोल ठसे. विमलाबाई परत पहिल्या मोदकापासून मोजायला लागल्या. निम्म्यातच थांबल्या.

"झाले हं आई सगळे," सुरुची हसून म्हणाली. हात तिने पदराखाली घेतले होते.

मागोमाग आलेल्या हंसाबेननी पानात डोकावून पाहिलं. "अरे, ये आखरीवाला तो बिगड़ गया!"

विमलाबाईंनी तो मोदक दोन्ही हातांनी अलगद उचलला आणि मोदकपात्रात मधोमध ठेवला.

"बिगडा नही, हंसाबेन. इसमेंच सबसे ज्यादा मेहनत है."