मौके पर कब्जा

जमिनीचे पट्टे मिळून अठरा वर्षं झाली, तरी त्या भूमिहीन कुटुंबांना कोणी शेतात पाय ठेवू देत नव्हतं. कचेरीसमोर त्यांच्या धरण्याचा नववा दिवस होता. अनसूयाबाई रोज फ्रीगंजहून येऊन त्या बायकांमध्ये बसत. आज मुलगा त्यांना न्यायला आला.

“आई, चल घरी. आपली तर बित्ताभर जमीन नाही. तुझं काय अडकलंय इथे?”

अनसूयाबाईंनी शेजारच्या रामकुंवरबाईचा विटका कागद त्याच्यापुढे धरला.

“‘मौके पर कब्जा दिया गया,’” त्यानं वाचलं. “म्हणजे शेतावर जाऊन ताबा दिला? सरासर खोटं! कोणी लिहिलं हे?”

“खाली सही बघ. तेव्हा पटवारी मीच होते, शेतावर गेलेसुद्धा नव्हते. साहेबांना हे लिहून दिल्याशिवाय मी उठणार नाही. पेन्शन गेली तर जाऊ दे.”