अर्नेस्टीनच्या ओसरीवरची वर्दळ

प्रवचन रंगात आलं होतं. रेव्हरंड टॉलिव्हर बोलता बोलता गाऊ लागले होते आणि ऑर्गन त्यांच्या प्रत्येक वाक्यामागे हुंकार देत होता. न्यायाच्या दिवशी देवाघरचं मोठं पुस्तक उघडलं जाईल, एकेकाचं नाव पुकारलं जाईल, असं त्यांनी आळवून आळवून सांगितलं, तसे पहिल्या बाकावरच्या झिपोरामाईंचे डोळे पाझरू लागले.

मग त्याच दमात रेव्हरंडांनी जाहीर केलं की आपल्या गावची लेक, इतिहासाची डॉक्टर अर्नेस्टीन, पुढच्या रविवारी आपलं नवं पुस्तक इथं वाचून दाखवणार आहे. जॉर्जियातल्या काळ्या बायकांची आजवर कुणी न लिहिलेली हकिकत.

माईंचं ‘आमेन’ अर्ध्यावरच राहिलं. देवाच्या पुस्तकाची त्यांना भीती नव्हती. तो दयाळू आहे. अर्नेस्टीनचं सांगता येत नव्हतं.

कारण तिची आई स्वयंपाकघरात साऱ्या गावच्या बायकांचे केस सरळ करून द्यायची. तापल्या फणीखाली मान वाकवून बसलेली बाई काय वाटेल ते बोलून जाते. आणि ही पोर तेव्हा टेबलाखाली बसून धडे गिरवायची.

मंगळवारी भजनमंडळातली वर्डेल तळलेली कोंबडी घेऊन अर्नेस्टीनच्या ओसरीवर गेली आणि तासाभरानं मोकळ्या चेहऱ्यानं परतली. बुधवारी कुणी पीचचा मुरंबा नेला. गुरुवारी तर दोघी फाटकातच एकमेकींना आडव्या गेल्या आणि दोघींनीही हवापाण्याच्या गप्पा काढल्या.

शनिवारी सकाळी माई लोण्याचा केक घेऊन गेल्या.

“बाळ, माझा नवरा क्लीटस कामासाठी शिकागोला गेला, हे पुस्तकात तसंच राहू दे.”

अर्नेस्टीननं केक बाजूला ठेवला. माईंना वाटलं, केक कमी पडला.

“तुला सगळं ठाऊकच आहे म्हणा. मीच हाकलला त्याला. पेटी खिडकीतून आणि तो दारातून.”

“मग?”

“मग काय? चाळीस वर्षं मी चर्चमध्ये पोरींना नवऱ्याचं सोसायला शिकवतेय. उद्या कुठल्या तोंडानं चर्चच्या माईचा पांढरा झगा घालू?”

अर्नेस्टीननं केकचा तुकडा तोंडात टाकला आणि निश्चिंत राहा म्हणाली.

रविवारी बायका ठेवणीतल्या टोप्या घालून, जीव मुठीत धरून बसल्या. अर्नेस्टीन दीड तास वाचत होती. शंभर वर्षांपूर्वीच्या धोबिणी, त्यांचा संप, त्यांची गाणी. गावातल्या एकीचंही नाव आलं नाही. हातातले कागदी पंखे हळूहळू थांबले. वर्डेल तर जरा रुसल्यासारखी दिसली.

जेवणाच्या पंगतीत माईंनी अर्नेस्टीनला कोपऱ्यात गाठून तिचे दोन्ही हात धरले.

“आमच्यासाठी पानंच्या पानं फाडलीस ना गं? देव तुझं भलं करो.”

“फाडायचं काय, माई? पुस्तक सहा महिन्यांपूर्वीच छापून झालं.”

“आणि ते टेबलाखाली ऐकलेलं?”

“टेबलाखाली? बायकांची बडबड ऐकून पोरगी बिघडेल म्हणून आई माझ्या कानांत कापसाचे बोळे कोंबायची. तुमच्या सगळ्यांच्या गोष्टी मी या आठवड्यातच पहिल्यांदा ऐकल्या.”