बाहेरचा हात

अण्णासो चौगुल्यांचा ट्रॅक्टर कालपासून मुरगूडच्या रस्त्याच्या कडेला उभा होता. मागच्या ट्रॉलीतला ऊस उन्हात वाळत होता. इंजिन उकळून बंद पडलं होतं, त्यात त्याच्यावरचं लोखंडी झाकण, हेड, गेलं होतं. ट्रॅक्टर घेऊन आठ महिने झाले होते आणि वॉरंटी वर्षाची होती.

कोल्हापूरच्या शोरूमनं जीप पाठवली. तिच्यातून सिकंदर उतरला. अंगात निळा डगला, खिशावर कंपनीचं नाव शिवलेलं, हातात छापील फॉर्मचं पॅड. अण्णासोंनी कागलहून बोलावून घेतलेला लालासाब मेस्त्री बांधावर बसून त्या डगल्याकडं बघत राहिला.

सिकंदर त्याच्याच गॅरेजात सात वर्षं काम शिकला होता. पाना कसा धरायचा इथपासून. तीन वर्षांमागं तो शोरूमला लागला. आता लांबलांबची माणसं ट्रॅक्टर घेऊन सिकंदरला शोधत जात, आणि लालासाबच्या दारात विहिरीवरची जुनी इंजिनं तेवढी येत. परवा तर त्याचा सख्खा मेहुणा म्हणाला होता, "एकदा सिकंदरला दाखवून घेतो." ते ऐकल्यापासून लालासाबला जेवण गोड लागत नव्हतं.

सिकंदरनं रेडिएटरचं झाकण काढलं, आत बघितलं आणि फॉर्म लिहायला घेतला.

"पाणी न घालता चालवलाय. ह्याला वॉरंटी बसत न्हाय."

"मी सोता दोन डबं वतलंय की," अण्णासो म्हणाले. "पंधरा दिवसांमागं तुमच्याच शोरूममधनं सर्व्हिसिंग करून, पाण्याचा पंप बदलून आणलाय. त्यानंतर ही पहिलीच ट्रॉली जोडली. जरा नीट बघा, पावणं."

"बघूनच सांगतोय, अण्णा."

लालासाब उठला. इंजिनाला एक चक्कर मारून रेडिएटरच्या खालच्या पाइपापाशी वाकला.

"पाणी व्हतं," तो म्हणाला. "फिरत नव्हतं."

"उस्ताद, हात लावू नका." सिकंदर पुढं आला. "बाहेरच्याचा हात लागला की वॉरंटी संपती. फॉर्मवरच छापलंय तसं."

बोलणं आदरानंच होतं, त्यामुळं ते जास्त झोंबलं.

"बाहेरचा," लालासाब स्वतःशीच म्हणाला. मग मान वर करून त्यानं विचारलं, "अण्णासो, तसं बी ह्यो न्हायच म्हणतोय. उघडू का?"

अण्णासोंनी मान हलवली.

लालासाबनं क्लिप सैल करून पाइप ओढून काढला आणि आत बोट घातलं. बोटाला काहीतरी मऊ लागलं. काय ते त्याला तिथंच कळलं. पाण्याचा पंप काढला की धूळ जाऊ नये म्हणून पाइपाच्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबायचा, हे त्यानंच सिकंदरला शिकवलं होतं. काम झालं की बोळे मोजायचे, हेही शिकवलं होतं.

बोट तसंच आत राहिलं. अजून कुणी काही बघितलं नव्हतं. बोळा तळहातात दडवून पाइप परत बसवता आला असता. त्यानं वर बघितलं. खिशावरची शिवलेली अक्षरं अगदी त्याच्या तोंडासमोर होती. मग त्यानं बोळा बाहेर ओढला, सावकाश, सगळ्यांना दिसेल असा, आणि बॉनेटवर ठेवला.

रस्त्यावरची चार माणसं जवळ सरकली. कुणीतरी हसलं.

"सर्व्हिसिंग कुणी केलं व्हतं म्हनं?" लालासाबनं विचारलं.

ह्या घटकेची तो तीन वर्षं वाट बघत होता. आता सिकंदरचं तोंड उतरेल, तो अडखळेल, खोटं बोलेल. खोटं बोललेलं लालासाबला सगळ्यात जास्त आवडलं असतं.

सिकंदरनं बोळा उचलून उलटसुलट करून बघितला. मग त्यानं आधीचा फॉर्म फाडला, नवा घेतला आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत गेला. "वॉटरपंपाचं काम करताना मेकॅनिक पाइपात बोळा विसरला. मालकाची चूक नाही. हेड वॉरंटीत बदलून द्यावं." मेकॅनिकच्या नावाच्या रकान्यात त्यानं स्वतःचं नाव लिहिलं.

अण्णासो गडबडले. "आवो, असं लिवलं तर नोकरी जाईल की तुमची. पाइपच खराब आलता म्हणा. मला हेड मिळाल्याशी मतलब."

"बोळा माझा हाय, अण्णा."

सिकंदरनं खाली सही केली. अक्षर सरळ आलं होतं.

लालासाबला कसबा बावड्यातलं गुऱ्हाळावरचं इंजिन आठवलं. आत नट त्याच्याच हातून राहिला आणि इंजिन मोडलं होतं. "डिझेल खराब निघालं," असं त्यानं मालकाला सांगितलं होतं आणि मालकानं ते खरं मानलं होतं. तेव्हा शेजारी सिकंदर उभा होता. त्यानंतर आजपर्यंत त्यानं ती गोष्ट कुणाजवळ काढली नव्हती, लालासाबजवळसुद्धा.

डगला, जीप, गिऱ्हाईक, ह्यांच्यावर जळायची लालासाबला सवय झाली होती. ही आत्ता उठलेली आग कुठं ठेवायची ते त्याला कळेना.

"मेस्त्री, तुम्ही हुता म्हणून कळलं," अण्णासो म्हणत होते. त्याला ते ऐकूही गेलं नाही.

सिकंदरनं पॅड त्याच्यापुढं धरलं.

"उस्ताद, साक्षीदाराची सही लागती."

"कुठं करू?"

"माझ्या नावाच्या खाली."

लालासाबनं हात पायजम्याला पुसला, पेन घेतलं आणि तिथंच सही केली.