ठकूआत्याचा वाटा

काल सकाळपासून हौसाची चूल भलतीच जोरात होती. भाकरी टाकायचा अवकाश, टम्म फुगायची. खुशीत येऊन तिने पुरणही शिजवून घेतलं.

पठारावरच्या वाडीत आता कुणी लाकडं जाळत नसे. वाडी, दूधसंघ आणि शाळेने मिळून ऊबकोठी बांधली होती. तिच्यात उन्हाने तापलेल्या वाळूची ऊब नळांतून प्रत्येक चुलीला सारखी मिळायची. एखाद्याने आपला वाटा वापरला नाही, तर तो आपोआप शेजारच्या चुलीकडे वळायचा. मागायची वेळ कुणावरच येत नसे.

पूर्वी शेजारची एकटी ठकूआत्या रोज सकाळी खापरात विस्तव मागायला यायची. दारातच टेकायची आणि गुडघ्यांचं रडगाणं लावायची. हौसा वैतागायची. ऊबकोठी झाली आणि आत्याचं येणं थांबलं. हौसाला सुटल्यासारखं वाटलं होतं.

"हौसावहिनी," आज सकाळी दूधवाल्याने बाहेरून हाक मारली, "आत्याच्या दारात कालचंही दूध तसंच आहे."

दार ढकललं, तर आत्या अंथरुणात गार पडलेली.

"कधी गेली असेल गं?" हौसाच्या नवऱ्याने विचारलं.

हौसाला कालची टम्म फुगलेली भाकरी आठवली. तिला ठाऊक होतं.

बायका जमल्या. शेवटच्या अंघोळीचं पाणी शेजारणीनेच तापवायचं असतं. हौसाने हंडा चुलीवर चढवला. एवढा मोठा हंडा, पण बघता बघता उकळला. आत्याचा वाटा अजून तिच्याच चुलीत येत होता.